सामानाजवळ बसून पाह्यलेली मुंबई

समुद्राचं पाणी माह्या कंबरेपर्यंत आलं होतं, अन् मी बसूनच होती.

एक पिशवी डोक्यावर. दुसरी काखेत. बाईच्या पर्सचा पट्टा दातात धरलेला. चपला सांभाळाले हात उरला नव्हता, म्हणून त्या तरंगून राह्यल्या होत्या. बाईची सँडल, बापूसाहेबाची कोल्हापुरी, पोट्ट्यांचे रंगीत बूट. लाट आली का माह्याकडं येत, लाट गेली का दूर जात. मी पायानं त्याइले अडवत होती. बसल्या बसल्या.

चौपाटीवरचे लोक गोळा झाले होते. हसत होते. एका माणसानं ओरडून सांगतलं, "ओ मावशी, उठा की! भरती आहे!"

मले ऐकू आलं. भरती म्हणजे काय ते समजलं नाही, पण उठा म्हणते हे समजलं. तरी मी उठली नाही.

मग बापूसाहेब पळत आला. हातात भेळेचा कागद. मागं बाई, मागं पोट्टे. त्यानं पहिले माह्या डोक्यावरची पिशवी घेतली. पर्स घेतली. चपला मोजल्या. बाईची एक सँडल समुद्रानं नेली होती. एवढं सगळं झाल्यावर त्याले मी दिसली.

"ढोर बी उठते पाणी आल्यावर," तो म्हणे. "तुले तेवढी बी अक्कल नाही?"

मी म्हटलं, "तुमीच सांगतलं, इथंच बस, हलू नको."

बाई म्हणे, "पाहा, वरून तोंड चालवते."

लोक आणखी हसले. त्या हसणाऱ्यात आमच्या बाईचे पोट्टे बी होते, ज्याइचे ढुंगण मी धुतले होते.

हे आज कायले सांगून राह्यली? तर आमच्या वस्तीतल्या बायांच्या बचत गटानं यंदा सहल काढाचं ठरवलं. मुंबईची. परवा संध्याकाळी सगळ्या माह्या अंगणात येऊन बसल्या. वंदना आमच्या गटाची अध्यक्ष. ते म्हणे, "मावशी, आपल्या वस्तीत मुंबई पाह्यलेल्या तुमीच एक. खरं सांगा, पाहण्यासारखी हाय का?"

मी त्याइले चहा पाजला अन् म्हटलं, लिहून देतो. बोलली असती तर मधात कोणी हसली असती, कोणी उठून पोळ्या टाकाले गेली असती. लिहिलेलं पुरं वाचा लागते. मी शाळेत गेली नाही. माहा पोरगा अभ्यास करे तवा बाजूले बसून त्याच्याच पुस्तकावर मी अक्षरं शिकली. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितो. शुद्ध पाहिजे असन तर दुसरीकडं जा.

आमचं गाव बाभुळगावच्या पुढं. ते वर्षं कशी होती हे जुन्या माणसाले सांगाची गरज नाही. कापसाले भाव नव्हता. कास्तकार औषध पिऊन मरत होते, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं. जीपा भरभरून लोक येत. कॅमेरे येत. कोणाच्या दारात उभे राहत, रडणाऱ्या बाईचा फोटो घेत, पाण्याची बाटली तिथंच टाकून जात. आमी कोणाले पाहाले जात नव्हतो. आमाले पाहून जात होते.

बापूसाहेबाचं वावर मोठं. मी तिथं वेचणीले जात होती, माह्या मायपासून आमी त्याच घराले बांधलेलो. त्या वर्षी त्यानं कापूस विकला नाही. भाव येईन म्हणे. घरातच भरला. खालची खोली भरली, वरची भरली, शेवटी देवघराच्या दारापर्यंत कापूस आला. वेचला बी मीच, अन् खोलीत जास्त मावावा म्हणून पायानं तुडवला बी मीच.

ज्यानं घरात कापूस ठेवला त्याले माहीत असते. दिवस गेले का त्यात बारीक किडे होते. डोळ्याले दिसत नाही. अंगाले खाज सुटते. पाठीवर, मानेवर, मांडीवर लाल पुरळ. बापूसाहेबाच्या घरात सगळे खाजवत होते. बापूसाहेब खांबाले पाठ घासे. बाई जेवता जेवता उठे. पाहुणे यायचे बंद झाले.

भाव काही येत नव्हता अन् खाज काही जात नव्हती. तवा बाई म्हणे, "चला, भावाकडं मुंबईले जाऊ. चार दिवस अंगाले आराम पडन, पोट्ट्यांची मुंबई पाहून होईन." बाईचा भाऊ दादरले राहत होता, मोठ्या इमारतीत.

सामान उचलाले अन् पोट्ट्यांचे कपडे धुवाले मी. मले म्हणे, "चाल वं. तुही बी मुंबई होऊन जाईन."

मी लगेच हो नाही म्हटलं. मी म्हटलं, "बापूसाहेब, चैत्यभूमी दाखवता का?"

तो म्हणे, "दाखवू ना. त्यात काय."

त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं. माह्यासाठी तेवढंच होतं. माह्या मायनं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन. तिची एकच इच्छा. सहा डिसेंबरले चैत्यभूमीले जायचं. पण सहा डिसेंबर येते तवा पऱ्हाटी पांढरी होऊन उभी असते. वेचणीचे दिवस. वेचणारीले तवा कोणी सोडत नाही, अन् तिनं जायचं म्हटलं तर पुढच्या साली बोलवत नाही. माय दरसाली म्हणे, पुढच्या साली. अशी म्हणत म्हणतच ते गेली. कापूस वेचता वेचता बसली अन् उठलीच नाही. ओटीत अर्धा कापूस होता. मुकादमानं तो पहिले काढून घेतला.

म्हणून मी मुंबईले गेली. समुद्र पाहाले नाही, इमारती पाहाले नाही.

धामणगावाहून गाडी. ते वरच्या डब्यात, मी जनरलमधी. बाई म्हणे, "तुही तिकिटं तुह्याजवळ ठेव, जाण्याचं अन् येण्याचं. आमी काही मागं येऊन पाहणार नाही." बरं झालं. ते तिकीट पुढं कामी आलं.

दादरच्या इमारतीत लिफ्ट होती. मी पिशव्या घेऊन आत पाय टाकला तर बाईच्या भावाची बायको, आमी तिले वहिनी म्हणू, ते म्हणे, "सामान आत ठेव. तू जिन्यानं ये."

सामान लिफ्टनं गेलं. मी जिन्यानं गेली. पाचवा माळा. वर पोचली तर सामान माह्या आधी येऊन दारात थांबलेलं. त्या दिवशी मले पहिल्यांदा पिशवीचा हेवा वाटला. तिले जात विचारत नाही कोणी.

दारातच वहिनीनं माहे हात पाह्यले. कोपरापर्यंत लाल पुरळ. ते दोन पावलं मागं गेली. "ताई, हिला काही आजार आहे का?"

आता पाहा. बाईच्या पाठीवर तीच खाज. बाईच्या मानेवर तीच. बापूसाहेब गाडीतून उतरल्यापासून खांदा घासत होता. सगळ्याले ठाऊक होतं ते काय आहे. बाईनं तोंडावरची माशी बी हालू न देता सांगतलं, "अगं, ते यांच्यात असतंच. यांच्या अंगाले."

यांच्यात. माह्या अंगावर जी खाज होती ते त्याइच्या कापसाची होती. त्याइच्या घराची, त्याइच्या लोभाची. मी फक्त तुडवली होती. एका शब्दात ते माह्या जातीची झाली.

माहा बिछाना जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत पडला, जिथं त्या माळ्यावरचे लोक चपला ठेवत. पाणी प्याचा गिलास खिडकीत वेगळा. वहिनी मुंबईची, शिकलेली, घरात इंग्रजी पेपर येत होता. मले वाटे हे सगळं आमच्या गावातच आहे, मुंबईत नसन. मुंबईत ते होतं, फक्त हळू आवाजात होतं.

अन् संध्याकाळी शेजारच्या बाया आल्या, पाहुण्यांना भेटाले. बापूसाहेब सोफ्यावर बसून त्याइले आमच्या जिल्ह्याचं दुःख सांगत होता. "आमी कास्तकार मेलो हो," असं म्हणे अन् पुरी श्रीखंडात बुडवे. बाया च् च् करत होत्या. तेवढ्यात वहिनीले सुचलं. "थांबा, यांनी एक बाई आणली आहे. कापूस वेचणारी. ए, इकडे ये गं."

मी दारात उभी राह्यली.

"बोटं दाखव यांना."

बोंडाची टोकं बोटाले लागून चिरा पडते, नखाजवळ काळं होते. ते मी दाखवलं. एक बाई म्हणे, "बापरे." दुसरीनं विचारलं, "तुमच्याकडे कोणी गेलं का गं, त्या… तसं?" मी नाही म्हटलं, माहा नवरा घरी आहे, म्हशी चारून राह्यला असन. तिचं तोंड पडलं. तिले च् च् कराले पाहिजे होती ते गोष्ट मी तिले दिली नाही.

मुंबई पाहाले मी गेली होती, अन् पहिल्याच दिवशी मुंबईनं मले पाहून घेतलं.

आता बचत गटाच्या बायांनो, तुमी विचारलं ते सांगतो. काय काय पाहण्यासारखं आहे.

गेटवे. तिथं मोठी फरशी आहे. उन्हात तापते. लुगड्याचा पदर चार घड्या करून ढुंगणाखाली घेतला तर बसता येते. दरवाजा बी आहे म्हणे, पण माही पाठ तिकडं होती, कारण तोंड सामानाकडं ठेवाचा हुकूम होता.

म्युझियम. तिथं पायरी आहे. दगडाची, थंड. सगळ्यात चांगली बसण्याची जागा मुंबईत तेच. आत पिशव्या नेऊ देत नाही, म्हणून पिशव्या अन् मी बाहेर. ऊन आलं तवा मी दोन पायऱ्या सरकून सावलीत गेली. बाई बाहेर आली, मले पहिल्या जागी पाह्यलं नाही, अन् सगळ्या लोकांमधी किंचाळली, "कुठं मेली वं? सामान घेऊन पळाली का?" दोन पायऱ्या. मी तिच्या समोर होती. शिपाई माह्याकडं चोरासारखं पाहाले लागला. बापूसाहेबानं बोट दाखवून सांगतलं, "जिथं बसवलं तिथंच बसाचं. हलाचं नाही." तवापासून मी हलली नाही. चौपाटीवर बी नाही. हे लक्षात ठेवा, मी पाण्यात बसली ते येडी होती म्हणून नाही. मले शिकवलं होतं.

बाग. बागेत लोखंडी बाकं आहे, पण तिथं घरचे लोक बसन म्हणून मले खाली खडीवर. खडी टोचते.

मासे पाहाची जागा. तिथं फुटपाथ आहे. ओला.

अशी मी मुंबई पाह्यली. ढुंगणानं पाह्यली. पर्यटक म्हणजे कोण, मले विचारा. ज्याचे हात रिकामे आहे तो. त्याचं सामान ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी सगळी शहरं एकच असते. फरशी, पायरी, खडी, फुटपाथ.

नाही, एक गंमत मी खरंच पाह्यली. बापूसाहेबाले पाह्यलं. आमच्या गावात त्याची गाडी आली का माणसं बिडी लपवत. मुंबईत त्याले कोणी ओळखे ना. टॅक्सीवाला म्हणे, "काका, दरवाजा हळू लावा, बापाचा आहे का?" बोटीवाल्यानं त्याले रांगेत मागं ढकललं. हॉटेलातल्या पोऱ्यानं त्याच्या डोळ्यासमोर टेबल पुसून दुसऱ्याले दिलं. छाती आत घेऊन चाले. अन् जे त्याले तिकडं मिळे ते तो मले आणून दे. टॅक्सीवाल्याचं माह्यावर काढे, बोटीवाल्याचं माह्यावर काढे. माह्यावर काढलं का त्याची छाती पुन्हा बाहेर येई. मी नसती तर तो माणूस मुंबईत चार दिवस जगला नसता.

अन् बाई. बाईले रस्ता ओलांडता येत नव्हता. गाड्यांचा लोंढा पाह्यला का ते काठावरच थांबे. तवा ते माहा हात धरे. दोन्ही हातांनी, गच्च. तोच पुरळ आलेला हात. डोळे मिटून माह्या मागं मागं येई. पलीकडं पोचली का हात सोडे, अन् आपले हात पदराले पुसे. रस्ता आला का पुन्हा धरे. रस्ता गेला का पुन्हा पुसे.

मग ते चौपाटी. पाण्यापासून थोडं वर वाळू कोरडी होती. बाई म्हणे, चपला इथंच काढा, पाय ओले करू, मग भेळ खाऊ. बापूसाहेब म्हणे, "इथंच बस, हलू नको." ते गेले. त्याइले बी ठाऊक नव्हतं अन् मले बी नव्हतं. आमच्याकडं नदी आहे, नाला आहे, तलाव आहे. पाणी जिथं असते तिथंच राह्यते. पूर आला तर आभाळ सांगते. कोरड्या उन्हात, काही कारण नसताना पाणी उठून चालत येते, हे आमच्यातल्या कोणाच्या बापानं पाह्यलं होतं?

पाणी पायाले लागलं, मले वाटलं जाईन. गेलं बी. पुन्हा आलं, थोडं जास्त आलं. मी पिशव्या मांडीवर घेतल्या. मग खांद्यावर. मग डोक्यावर. समुद्र हलला. मी नाही हलली.

पुढचं तुमाले सांगतलं. फक्त एक राह्यलं. बाईची एक सँडल गेली ना. गरम वाळूतून, काचातून ते टॅक्सीपर्यंत कशी जाईन? तिनं माह्या पायाकडं पाह्यलं. मी माह्या रबरी चपला पायातून काढल्याच नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या.

"तुह्या काढ," बाई म्हणे.

मी काढल्या. तिनं घातल्या. माह्या हातचं पाणी चालत नव्हतं, माही चप्पल चालली. मी अनवाणी, ओल्या लुगड्यानं, तिच्या पिशव्या घेऊन तिच्या मागून गेली. माह्या चपला माह्यासमोर फटक फटक वाजत चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याजवळच्या नळावर लुगडं धूत होती. खारं पाणी सुकून कापड पापडासारखं झालं होतं. अंगावर मीठ, त्याच्याखाली खाज. धुता धुता एकच गोष्ट डोक्यात. मी काहून नाही उठली? दोरी नव्हती. कोणी धरलं नव्हतं. एक अनोळखी माणूस उठा म्हणून ओरडत होता. त्याचं ऐकलं नाही, ज्यानं ढोर म्हटलं त्याचं ऐकलं. माय बी अशीच बसली होती पऱ्हाटीत. तिले बी कोणी तरी म्हटलंच असन, हलू नको.

जिना झाडाले एक बाई येत होती. काळी, उंच, तोंडात तंबाखू. तिनं विचारलं, "कुठनं आलीस गं आक्का?" मी सांगतलं. बोलता बोलता मी म्हटलं, चैत्यभूमी किती दूर आहे? आमचे बापूसाहेब म्हणते लय लांब आहे, मुंबईच्या दुसऱ्या टोकाले, गाडी करून जा लागते.

तिनं झाडू भिंतीले टेकवला.

"कोन म्हनला तुला लांब? अगं, हितनं चालत जा. बिडी पेटवून निघालीस तर संपायच्या आत पोचशील." मग हळूच म्हणे, "जयभीम का?"

"जयभीम," मी म्हटलं.

"मग खाली उतर अन् वाऱ्याकडं तोंड करून चालत रहा. कुणालाबी विचार."

इतके दिवस मी तिथंच झोपत होती. बिडीभर अंतरावर. रोज सकाळी खिडकीतून जो वारा येत होता तो तिकडूनच येत होता. अन् हे रोज म्हणत, उद्या पाहू, लांब आहे, उद्या.

त्याच दिवशी दुपारी गावाले परतायचं होतं. सामान खाली आणलं. लिफ्टनं. मी जिन्यानं. इमारतीच्या दारात पिशव्यांचा ढीग लावला. बापूसाहेब म्हणे, "आमी बाजारातून येतो. तू इथंच बस सामानाजवळ. हलू नको."

मी उभीच राह्यली. "बापूसाहेब, चैत्यभूमी राह्यली."

"लांब हाय ते. गाडी चुकन. पुढच्या वेळी पाहू."

"इथून चालत जाता येते म्हणे."

बाईनं विचारलं, "कोणं सांगतलं तुले?"

बस. एवढंच विचारलं तिनं. मले कसं समजलं, याचा तिले राग. मले लपवलं, याची लाज नाही.

बापूसाहेब म्हणे, "तिथं काय पाहण्यासारखं हाय? सिमेंटाचा घुमट हाय. आमी इतकं फिरवलं तुले, पोट नाही भरलं का?"

वहिनी खाली आली होती निरोप द्याले. तिच्या पायात तिच्या चपला, बाईच्या पायात वहिनीनं दिलेल्या. माह्या रबरी चपला दाराच्या कोपऱ्यात फेकलेल्या. मी गेली, त्या उचलल्या, वाळू झटकली, पायात घातल्या. हळू घातल्या.

मग मी वहिनीले म्हटलं, "वहिनी, माह्या अंगावर आजार नाही. हे कापसाची खाज हाय. याइच्या घरात कापूस भरून ठेवला हाय, तुडवला मी. बाईच्या पाठीवर बी तीच हाय. पोलकं वर करून पाहा. तुमच्या गादीवर झोपली हाय ते इतके दिवस."

वहिनीचा हात आपोआप आपल्या मानेवर गेला. तिले बी सुटली होती! मले आजही ते आठवलं का हसू येते. पाचव्या माळ्यावर, इंग्रजी पेपरच्या घरात, आमच्या बाभुळगावचा किडा लिफ्टनं गेला होता.

बापूसाहेब ओरडला, "सामानाजवळ कोण बसन?"

मी म्हटलं, "ज्याचं हाय तो बसन."

अन् मी चालली. मागून त्यानं मले नावानं हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या घरात मले ए, अवं, पोरी, इकडं ये, असंच म्हणत. माहं नाव त्याले ठाऊक आहे हे मले मुंबईत समजलं. मी मागं पाह्यलं नाही.

चैत्यभूमीत मी काय पाह्यलं ते सांगणार नाही. ते पाहण्यासारख्या जागेत येत नाही. मायच्या नावानं डोकं टेकवलं अन् बाहेर आली. मागंच समुद्र. तोच. मी वाळूत उभी राह्यली. लाट आली. पायाजवळ आली तशी मी दोन पावलं मागं सरकली.

एवढंच होतं ते. उठायचं अन् मागं सरकायचं. याले कोणाचा हुकूम लागत नव्हता. मी पुन्हा पुढं गेली, लाट आली, पुन्हा मागं सरकली. येड्यासारखं किती वेळ मी तेच करत होती. एक बाई हसली माह्याकडं पाहून. हसू दे म्हटलं.

तिकीट माह्याजवळ होतं. विचारत विचारत स्टेशन गाठलं, जनरलमधी चढली, धामणगावले उतरली. वरच्या डब्यातून ते बी उतरले. चार पिशव्या चौघांच्या हातात. बापूसाहेबाच्या डोक्यावर एक. आमच्या गावच्या दोघातिघांनी ते पाह्यलं, अन् ते पाहणं त्याले समुद्रापेक्षा जड गेलं असन.

त्याच्या वावरात मी पुन्हा पाय ठेवला नाही. त्यानं इतर वावरवाल्यांना सांगतलं, इले बोलवू नका. दोन साल मले गावात वेचणी मिळाली नाही. नेरच्या बाजूले जाऊन वेचली, पहाटे निघून, अंधार पडल्यावर परत. नवरा म्हणे, एक बार माफी माग, मिटवून टाक. मी म्हटलं, तू माग, तुले हौस असन तर. घरात बरेच दिवस बोलणं नव्हतं. हे बी लिहितो, म्हणजे तुमाले वाटाले नको का चैत्यभूमीवरून आली अन् सगळं गोड झालं. काही गोड झालं नाही.

आता परवाचं.

तुमी माह्या अंगणात बसून ठरवत होत्या. कोणतं हॉटेल, कोणती गाडी, गेटवेवर फोटो कसा काढाचा. मले बरं वाटत होतं. आपल्या बाया आपल्या पैशानं चालल्या. तेवढ्यात वंदना म्हणे, "सुंदरीले घेऊ संग. तिचा खर्च आपण करू. सामानाजवळ बसाले कोणी पाहिजे ना. तिची बी मुंबई होऊन जाईन."

सुंदरी म्हणजे पलीकडच्या कोलाम पोडावरची, आदिवासी पाड्यावरची. आपल्या घरोघरी कामाले येते. अंगणाच्या टोकाले उकिडवी बसली होती. हसली. तिले वाटलं आपलं नशीब उघडलं.

तेच शब्द, वंदना. एक बी इकडंतिकडं नाही. तुही बी मुंबई होऊन जाईन. बापूसाहेबाच्या घरातून ते शब्द उठून आपल्या वस्तीत आले, तुह्या तोंडात बसले, अन् तुले समजलं बी नाही. घरात बाबासाहेबाचा फोटो लावला म्हणून तोंड आपोआप धुतल्या जात नाही. थुंकावं वाटलं मले. माह्याच अंगणात, माह्याच चहाच्या कपावर.

मी म्हटलं, "सुंदरी येईन. गटाच्या बाईसारखी येईन. तिच्या हातात तिचीच पिशवी राहीन."

"मग सामानाजवळ कोण बसन, मावशी?"

"कोणी नाही. आपापलं उचलून फिरा."

"कितीतरी जागी सामान आत नेऊ देत नाही म्हणे."

"मग त्या जागा पाहू नका."

तुमाले राग आला. कोणी म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं असन. पण मुंबई पाहण्यासारखी आहे का, हे तुमी मले विचारलं, म्हणून जवाब घ्या. दाराबाहेर सामानाजवळ एक बाई बसवून आत जे काही पाह्यल्या जाते, ते पाहण्यासारखं नाही. मग ते काही बी असो. सोन्याचं असो.

मी बी येऊन राह्यली तुमच्यासोबत. माहं नाव लिहा. धामणगावच्या फलाटावर मी सगळ्यात आधी सुंदरीचे हात पाहीन. त्यात दुसऱ्याची एक बी पिशवी दिसली, तर ते पिशवी मी रुळावर फेकीन. कोणाची हाय, हे विचारणार नाही.